गळक्या छपराचं सेलवान

सेलवान कंपनी बुडणार, हे मला औरादच्या बसस्टँडसमोरच्या माझ्या दुकानात बसून कळलं होतं, आणि तेही ती प्रत्यक्ष बुडण्याच्या कितीतरी वर्षं आधी. मला कुणी पत्र घातलं नव्हतं, पेपरातही काही आलं नव्हतं. मी घड्याळांची झाकणं उघडत होतो, एवढंच. खुद्द कंपनीच्या मालकांना तेव्हा ते कळलं होतं की नाही, देव जाणे.

आताच्या मुलांना सेलवान हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा डोंगरगावात एका कुटुंबाचा हा कारखाना होता. मनगटी घड्याळं करायचे. हैदराबाद संस्थान होतं त्या काळात त्यांचा एजंट हैदराबादला बसायचा आणि त्याच्यामार्फत ही घड्याळं बिदर, भालकीपासून पार गुलबर्ग्यापर्यंत यायची. पाटील, वकील, आडते, शाळेचे हेडमास्तर अशांच्या हातावर ती असायची. पुढं एका हातातून दुसऱ्या हातात जात जात ती साध्या माणसांपर्यंत आली आणि तिथून माझ्यासारख्याच्या टेबलावर.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. गिऱ्हाईक घड्याळाचं तोंड बघतं. तबकडी, काटे, वरची काच, पट्टा. आम्ही आयुष्यभर त्याची पाठ बघतो. मागचं झाकण काढलं की आत खरा कारखाना असतो. सगळ्या चक्रांवर पितळी पत्रे बसवलेले असतात. हे पत्रे गिऱ्हाईक जन्मात बघत नाही. तरी जुन्या सेलवानमध्ये त्या पत्र्यांवर बारीक तिरपे पट्टे कोरलेले असायचे, नांगरलेल्या वावरासारखे एकाला एक लागून. स्क्रूची टोपणं निळी केलेली असायची. हे सगळं कुणासाठी, तर औराद-चिंताकीसारख्या आडगावात बसलेल्या कुठल्यातरी अनोळखी कारागिरासाठी. मला तर तो आपला मान वाटायचा. डोंगरातल्या त्या माणसानं मला न बघता केलेला नमस्कारच तो.

मग पुढच्या सालातली घड्याळं यायला लागली. स्क्रू पांढरे झाले. ठीक आहे म्हटलं, निळ्याला खर्च येत असेल. मग पट्टे गेले. मशीन मात्र अजून त्यांचंच होतं आणि चांगलं होतं. शेवटी शेवटी आलेल्या सेलवानची तबकडी सोनेरी, झगझगीत, लग्नात नवरदेवाच्या हातावर लांबून चमकावी अशी. झाकण उघडलं तर आत दुसऱ्याच कुणाचं मशीन. पत्र्याच्या कडा खरखरीत. मी भिंग डोळ्यावरून काढलं आणि शेजारच्या चहावाल्याला म्हणालो, "ही कंपनी आता न्हाई राहत बघ." तो म्हणाला, "अण्णा, एवढं चमकायलंय की ते." म्हटलं, तेच तर. पुढं बॅटरीची घड्याळं आली, स्वस्तात आली, आणि सेलवानचं दार लागलं. हैदराबादच्या एजंटकडून सुट्या भागांचं शेवटचं पार्सल आलं, त्यात एक चिठ्ठी होती की यापुढे माल येणार नाही. मी ती चिठ्ठी वाचून खिशात घातली आणि त्या दिवशी दुपारी जेवलो नाही.

हे पाठ बघायचं वेड मला उस्तादांनी लावलं. करीमसाब त्यांचं नाव. बिदरच्या जुन्या गावात चौबाऱ्याच्या बुरुजाच्या अंगाला त्यांचं दुकान होतं. मी अठराव्या वर्षी त्यांच्याकडे शिकायला गेलो. पहिले सहा महिने त्यांनी मला नुसते स्क्रू काढायला आणि बसवायला लावले. हात थरथरला की म्हणायचे, "हाथ कायकू हिलरा रे? घडी तेरेकू खारी क्या?" माझी मराठी, त्यांची दखनी, गिऱ्हाइकांची कानडी, असं तीन भाषांत ते दुकान चालायचं, आणि कुणाचं कुणावाचून अडायचं नाही.

उस्तादांचे दोन नियम होते. पहिला असा, की घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडून आपली खूण आणि काय काम केलं ते लिहायचं. हा आमच्या धंद्यातला रिवाजच आहे. एखादं जुनं घड्याळ उघडलं की आत चार-पाच कारागिरांच्या खुणा दिसतात, कुणी हैदराबादचा, कुणी सोलापूरचा. मेलेल्या माणसांशी बोलल्यासारखं होतं. दुसरा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या घड्याळातून जे काढलं ते त्याचं. परत द्यायचं, आणि त्यानं नेलं नाही तर कागदात बांधून, त्याचं आणि गावाचं नाव घालून डब्यात ठेवायचं. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात अशा पुड्या असायच्या. पुड्यांवरची नावं ते उर्दूत लिहायचे. मला उर्दू येत नव्हती. तिथं बसून चार वर्षांत सहज शिकलो असतो, पण शिकलो नाही.

सेलवानचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मी औरादला दुकान टाकून दोन-तीन वर्षं झाली असतील. मेहकरचे माधवराव म्हणून एक बागायतदार आले. रुमालात काहीतरी काळपट गोळा घेऊन आले. म्हणाले, "गुऱ्हाळावर रस ढवळताना पट्टा तुटला आन काहिलीत पडलं. गूळ निवला तवा ढेपीत गावलं." मी तो गोळा हातात फिरवून बघितला. काच दिसत नव्हती. म्हटलं, "अण्णा, ह्याला आता मुंगळेच खातील." ते दुखावले. "आमच्या सासऱ्यानं दिलंय. बघा तर खरं. न्हाईच चाललं तर मी ते खाऊन टाकतो."

दोन दिवस मी ते कोमट पाण्यात ठेवून गूळ सोडवला. मग एक एक भाग काढून पेट्रोलमध्ये धुतला. काच गेली होती, काटे वाकले होते, मुख्य स्प्रिंग चिकटून बसली होती. पण चक्राचा एक दात झिजला नव्हता की चाकांच्या टोकांखाली बसवलेला एक खडा फुटला नव्हता. तेल घालून चावी दिली आणि त्यातलं बॅलन्सचं चाक असं फिरायला लागलं, की काहिलीबिहिली काही घडलंच नाही. माधवराव ते कानाला लावून माझ्या दुकानात उभ्या उभ्या हसले. जाताना मला दोन किलोची ढेप देऊन गेले, तीच ढेप की काय असा मला आजही संशय आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. ते सांगायला मला बरं वाटत नाही.

मी उस्तादांकडे चौथ्या वर्षात होतो आणि सगळं काही येतं असं मला वाटायला लागलं होतं. एकदा उस्ताद चार दिवस हैदराबादला गेले होते. दुकानात मी एकटा. चिंताकीचे धोंडिबा म्हणून एक गृहस्थ आले. शाळेत शिपाई होते. शिक्षण खात्याच्या कचेरीत काम होतं म्हणून बिदरला आले होते. अंगात धुवट पांढरा सदरा, बोलणं मोजकं. त्यांच्या हातात जुनं सेलवान होतं, उर्दू आकड्यांचं. संस्थानच्या काळात कंपनीनं खास आमच्या भागासाठी अशा तबकड्या केल्या होत्या, एक ते बारा सगळे उर्दूत. एक हेडमास्तर बदलून जाताना हातातलं काढून त्यांना देऊन गेले होते, घंटा वेळेवर वाजवत जा म्हणून. चिंताकीच्या त्यांच्या वस्तीत, नुकताच बौद्ध धम्म घेतलेल्या त्या घरांत, मनगटावर घड्याळ बांधणारे ते पहिलेच. गावातले काही लोक त्यावरून टोमणे मारायचे, हे त्यांनी हसतच सांगितलं.

घड्याळ मागं पडत होतं. साफ करून, तेल घालून मी ते चालू केलं. मग मला तबकडीकडे बघवेना. पिवळी पडलेली, सातापाशी डाग. आमच्याकडे कंपनीची नवी तबकडी पडून होती, इंग्रजी आकड्यांची, पांढरीशुभ्र. मी त्यांना न विचारता जुनी काढून नवी बसवली. वर पैसेही घेतले नाहीत. मला वाटलं, बिचाऱ्याला केवढा आनंद होईल. झाकणाच्या आत सुईनं लिहिलं, "नवी डायल. माणिक औरादकर." उस्ताद खूण मुगाच्या दाण्याएवढी करायचे. माझं नाव निम्म्या झाकणावर पसरलं.

धोंडिबांनी घड्याळ हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बायकूला जमंल का ओ हे?"

मला वाटलं, ते बायकोला आवडेल का असं विचारतायत. मी म्हटलं, "कामून जमत न्हाई? एकदम नवरदेवाचं झालंय की." त्यांनी एकदा तबकडीवरून अंगठा फिरवला. घड्याळ बांधलं आणि गेले.

उस्ताद परत आल्यावर मी हे फुशारकीनं सांगितलं. त्यांनी जुनी तबकडी हातात घेतली.

"पूछा था उसकू?"

"मुफ्त दिया, उस्ताद."

"मुफ्त दिया तो क्या हुआ? चेहरा तो उसका था ना, मियां."

आणि त्यांनी ती कागदात बांधली, वर उर्दूत काहीतरी लिहिलं आणि डब्यात ठेवली. मला ते जरा जास्तच वाटलं. आकडे त्याच जागी तर होते, फक्त लिपी बदलली. काटे कुठं आहेत त्यावरून वेळ कळतेच की. मी स्वतः उर्दू आकड्यांच्या घड्याळात जागा बघूनच वेळ लावायचो. सगळ्या जगाला वेळ अशीच कळते असं मी धरून चाललो होतो.

उस्ताद गेले तेव्हा त्यांच्या मुलांनी अवजारं आणि तो डबा मला दिला. मुलं परदेशी, त्यांना त्यात रस नव्हता. डबा औरादला आणल्यावर मी तो एका रविवारी आवरायला काढला. कागद पिवळे, तुकडे पडत होते. बहुतेक पुड्यांत सेलवानच्या जुन्या उर्दू तबकड्या होत्या, कारण तेव्हा ज्याला त्याला इंग्रजी आकडे हवे होते. मी अकरा तबकड्या काढल्या, नव्या पातळ कागदात स्वच्छ बांधल्या आणि जुने कागद जाळून टाकले. त्यावरची नावं मला वाचता येत नव्हती, म्हणून ती कामाची नाहीत असं मी ठरवलं. औरादला उर्दू वाचणारी माणसं काय कमी होती? समोरचा किराणावाला वाचतो, पलीकडचा शिंपी वाचतो. दहा पावलं गेलो नाही. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती करताना मी शीळ घालत होतो.

त्यानंतर डबा वर्षानुवर्षं कपाटावर पडून राहिला. गेल्या साली हैदराबादहून एक तरुण इंजिनियर आला. नाव इम्रान. त्याला जुन्या सेलवानचा छंद. कंपनीची सगळी कहाणी त्यानं मला सांगितली, कुणी काढली, कोण भाऊ भांडले, कारखान्याच्या इमारतीत आता दातांचा दवाखाना आहे इथपर्यंत. मी त्याला निळ्या स्क्रूची आणि पट्ट्यांची गोष्ट सांगितली, तर पोरगा वहीत लिहून घ्यायला लागला. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी डबा उघडला. तो वही खाली ठेवून डब्यावर वाकला. म्हणाला, अशा तबकड्या जगात फार थोड्या राहिल्यात, तुम्ही द्याल ती किंमत देतो, नीट जपीन. चांगला मुलगा होता. मी म्हटलं, पुढच्या रविवारी ये, ने सगळ्या. आपल्यामागं कोण बघणार त्यांच्याकडे?

तो रविवार यायच्या आत बाजाराचा दिवस आला.

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, जास्त करून बॅटरी बदलणाऱ्यांची. सकाळी अकराच्या सुमारास एक मुलगी आपल्या म्हाताऱ्या आजीला हाताला धरून घेऊन आली. आजी ऐंशीच्या घरात. पांढरं लुगडं, एकाच डोळ्यापुढं हिरवी काच असलेला चष्मा, मोतीबिंदू काढल्यावर देतात तसा. मुलीनं मोबाईलमधला एक फोटो माझ्यापुढं धरला.

"अप्पा, हे तुमीच का?"

फोटोत एका घड्याळाचं झाकण होतं आणि त्यावर निम्म्या जागेत पसरलेलं माझं नाव. मोबाईलच्या दुकानदाराला बॅटरी कुठं बसते ते बघायला दिलं होतं, त्यानं झाकण उघडलं, त्याला काहीच कळलं नाही, पण मुलीनं ते नाव टिपून घेतलं. ती अर्चना, चिंताकीची, बिदरला दवाखान्यात नर्स. आणि तिची आजी म्हणजे शेवंताबाई, धोंडिबांची बायको. धोंडिबांना जाऊन वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून घड्याळ बंद होतं.

मी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, "अक्का, करून देतो चालू. नुसतं तेल वाळलं असंल."

शेवंताबाई म्हणाल्या, "चालू तर कराच. पर मला त्येचा जुना चेहरा पायजे. हाय का तुमच्याकडं?"

मला आधी काही कळलंच नाही. अर्चना म्हणाली, "आजीला दिवसातून चार येळा डोळ्यात थेंब टाकायचेत. मी ड्युटीवर असते. मोबाईलला घंटी लावून दिली तर ती म्हंती, कवाची घंटी कशाची ते मला उमगत न्हाई. माझ्या घड्याळानं टाकते म्हंती. पण हे घड्याळ तर तिला येतच न्हाई."

"यायचं," शेवंताबाई म्हणाल्या. "पयलं यायचं."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी हातातला चिमटा खाली ठेवून ऐकलं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. धोंडिबा संस्थानच्या काळात दुसरीपर्यंत उर्दू शिकलेले. लग्नानंतर त्यांनी बायकोला घड्याळावरची बारा अक्षरं शिकवली. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं काढून काढून. शेवंताबाईंनी त्या अक्षरांना आपली नावं दिली. एक म्हणजे काडी. पाच म्हणजे बिबा, कारण ते तसंच गोल आणि टोकदार दिसतं. सात म्हणजे शिंगं. आठ म्हणजे छप्पर, दोन काड्या वर टेकवलेलं. दहा म्हणजे काडी-टिंब. लहान काटा काडी-टिंबावर, मोठा काटा वर, की शाळेची पहिली घंटा. लहान काटा काडीवर, की जेवणाची सुट्टी. धोंडिबांना हिवतापाचा त्रास होता. ताप चढला की ते अंथरुणावरून घड्याळ काढून बायकोला द्यायचे आणि ती जाऊन घंटा वाजवायची. "आख्ख्या गावात बायामंदी मला एकटीलाच घड्याळ यायचं," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा हिरव्या काचेबाहेरचा डोळा हसत होता.

"मग एकदा ते बिदरला गेले आन घड्याळाचं तोंड बदलून आलं."

माझी नजर फोटोतल्या माझ्या नावावर गेली.

"म्या त्येंला सांगितलंच न्हाई का मला येईना म्हणून. लाज वाटली. पुढच्या तापात मीच घड्याळ घिऊन गेले शाळंत. अंदाजानं वाजवली. जेवायच्या सुट्टीची घंटा अर्धा घंटा आधीच वाजली. सगळी पोरं बाहीर. हेडमास्तर कायबाय बोलले. तवापसनं ते तापातच उठून जायचे. म्या दंडाला धरून न्यायची. घंटा त्येच वाजवायचे."

"त्यांना नवी अक्षरं शिकवा म्हणायचं होतं, अक्का."

"म्हणलं. शिकवीन म्हणाले. पर पुन्यांदा त्यो कोळसा कुणी हातात धरला न्हाई बगा. पोटाच्या मागं लागलं समदं."

"बायकूला जमंल का ओ हे?" पन्नास वर्षांपूर्वीचा तो प्रश्न मला तेव्हा कळला. माणूस विचारत होता, आणि मी नवरदेवाचं झालंय म्हणून हसलो होतो. मी शेवंताबाईंना सांगितलं, "अक्का, ते तोंड म्याच बदललं. त्यांनी सांगितलं नव्हतं. म्या इचारलं न्हाई." त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय. नाव हाय की आत." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी डबा खाली काढला आणि अकराही तबकड्या काळ्या फडक्यावर मांडल्या. मला त्यांच्यात फरक दिसत नव्हता. सगळ्या पांढऱ्या-पिवळ्या, सगळ्यांवर तेच आकडे. सातापाशी डाग आहे एवढं मला आठवत होतं, पण तसा डाग तीन तबकड्यांवर होता. नावं मी जाळली होती. चुकीची बसवली तर या बाईला कळणार नाही, असा विचार मनात आला, आणि त्याची शरम वाटली.

शेवंताबाई वाकल्या. अर्चनानं माझं मोठं भिंग त्यांच्या हातात दिलं. त्या एक एक तबकडी बघत गेल्या, हात न लावता. भाजीवालीसमोर बसून वांगी निवडावी तशा सावकाश. सहाव्या तबकडीपाशी थांबल्या.

"ही. हिचं छप्पर गळकं हाय."

मी भिंगातून बघितलं. आठाच्या आकड्याचा उजवा पाय खालून थोडा उडालेला होता, केसाएवढा. इतकी वर्षं ती माझ्याकडे होती आणि मला ते दिसलं नव्हतं. मी घड्याळाची पाठ बघणारा माणूस.

"ते म्हणायचे," शेवंताबाई म्हणाल्या, "आपल्या घराचं बी छप्पर गळकं आन घड्याळाचं बी."

त्यांना मी बाजार करून यायला सांगितलं. तोपर्यंत इम्रानला फोन लावला. म्हटलं, "बाबा, रविवारी येऊ नको. ही माझी वस्तू नाही." कारण सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाचा, उन आजीके घडी का फोटू तो भेजो." त्याचा मला अभिमान वाटला.

मग घड्याळ उघडलं. संस्थानच्या शेवटच्या सालांतलं मशीन, स्क्रू पांढरे झालेले, पण पट्टे अजून होते. तेल वाळून मेणासारखं झालं होतं, बाकी काही बिघडलं नव्हतं. धुतलं, पुसलं, तेल घातलं. डोंगरातल्या त्या कारागिरानं किती वर्षांपूर्वी हे बसवलं असेल, त्याचा कारखाना गेला, त्याच्या जागी लोक दात काढून घेतात, आणि हे चाक पहिल्या चावीला फिरलं. माझी नवी पांढरीशुभ्र तबकडी काढली. जुनी बसवली. काटे लावले. झाकण बंद करण्याआधी माझ्या त्या आडव्यातिडव्या नावाखाली सुईनं बारीक लिहिलं, "जुनी परत. शेवंताबाई यांच्यासाठी." उस्तादांना चाललं असतं असं मला वाटतं. आणि खाली मुगाच्या दाण्याएवढी माझी खूण केली.

संध्याकाळी दोघी आल्या. पिशवीत कोथिंबीर, शेंगा. मी घड्याळ शेवंताबाईंच्या मनगटावर बांधलं. पट्टा मोठा झाला, एक भोक नवीन पाडलं. त्यांनी हात डोळ्यापाशी नेला. दुकानात बॅटरीवाले दोघं-तिघं उभे होते, तेही वाकून बघायला लागले. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

त्यांचे ओठ हलत होते. काडी, मग पुढची, मग पुढची, असं त्या गोल फिरून आल्या.

"ल्हान बिब्यावर," त्या म्हणाल्या. "मोठा वर जायलाय. आजून गेला न्हाई."

आम्ही सगळे थांबलो. मोठा काटा वर जायला दोन मिनिटं लागली असतील.

"गेला. पाच वाजले."

अर्चनानं मोबाईल बघितला आणि मान हलवली. पिशवीतून औषधाची बाटली काढून ती पुढं झाली, तशी शेवंताबाईंनी तिचा हात बाजूला केला. चष्मा काढून माझ्या टेबलावर ठेवला, मान मागं टाकली, बाटली आपल्या हातानं धरली आणि थेंब बरोबर डोळ्यात टाकला.

"आठाला पुन्यांदा," डोळा मिटून त्या म्हणाल्या. "छपरावर."

दहा तबकड्या अजून माझ्याकडे आहेत. बाजाराच्या दिवशी मी डबा उघडून काउंटरवर ठेवतो.